कांडपावरची मुलाखत

संयोगिता : मोबाईल मधे ठेवते, आप्पा. तुमचा आवाज नीट आला पाहिजे. आणि आता तासभर मी तुमची मुलगी न्हाय.

आकाराम : मग कोण?

संयोगिता : विद्यापीठातनं आलेली कुणीतरी. पीएचडी करणारी.

आकाराम : ती तर तू हाईसच की. बरं. या पावणं, बसा. च्या घेणार?

संयोगिता : आप्पा!

आकाराम : परक्या माणसाला च्या इचारायची रीत हाय आमच्यात. तुमच्या पुस्तकात नसंल.

संयोगिता : नको, आत्ताच झाला. तर, आपलं नाव, वय आणि व्यवसाय?

आकाराम : आकाराम इंगवले. वय साठीला टेकलं. धंदा मिरची कांडपाचा. उन्हाळाभर पेठंतल्या बायकांची चटणी कुटून देतो आन् बाकीचं वरीस मशीन पुसत बसतो. हे सगळं ऐकणार कोण?

संयोगिता : कुणीच न्हाय. ही नुसती रंगीत तालीम. प्रश्न बरोबर हाईत का, माणूस कुठं अडकतोय, एवढंच बघायचं. खऱ्या मुलाखती पुढच्या महिन्यात, बाहेरच्या दुकानदारांच्या. तैवानात, व्हिएतनामात पण आमच्यासारखीच मुलं हेच प्रश्न विचारणार हाईत. घरचा धंदा असला की निर्णय कोण घेतं, कसा घेतं, आणि गिऱ्हाईक कशानं टिकतं, असा विषय हाय.

आकाराम : तैवानात कांडप हाय व्हय?

संयोगिता : चहाची दुकानं हाईत. दोन-तीन पिढ्यांची.

आकाराम : मग बरं हाय त्यांचं. शिंका तरी येत नसतील. इचारा.

संयोगिता : दुकानात शेवटचा शब्द कुणाचा असतो?

आकाराम : माझा.

संयोगिता : मोठा निर्णय घेण्याआधी आपण घरातल्यांशी बोलता?

आकाराम : बोलतो की. समद्यांस्नी सांगतो.

संयोगिता : सांगता, की विचारता?

आकाराम : त्यात काय फरक हाय?

संयोगिता : दोन वेगळे रकाने हाईत.

आकाराम : मग ‘सांगतो’ ह्या रकान्यात टिक करा.

(जरीना अर्ध्या शटरखालून डोकावते.)

जरीना : आकारामदादा, शटर असं अर्धंच का? मला वाटलं गावाला गेलासा.

आकाराम : या भाभी. हितंच हाय. ही माझी मुलाखत घ्यालीया.

जरीना : पेपरात येणार?

संयोगिता : न्हाय चाची, माझ्या अभ्यासासाठी.

जरीना : मग असूदे. दादा, कांडप कवा सुरू करालाय? औंदा ब्याडगी मिरची झकास मिळाली बघा. गच्चीवर टाकायची हाय. तारीख कळली म्हंजे तेवढंच ऊन द्यायला बरं.

आकाराम : बघू. सांगतो की.

जरीना : बघू काय? दरसाल शिवरात्र झाली की नारळ फोडता.

आकाराम : सांगतो म्हणलं न्हवं, भाभी.

जरीना : मग निदान "देठ काढून आणा" एवढं तरी म्हणा. ते तुमच्या तोंडनं ऐकल्याबिगार उन्हाळा आला असं वाटतच न्हाय मला. बरं, जातो. गिरणीत दळण टाकून हिकडनंच परत येतो. तवर इचार करून ठेवा.

संयोगिता : बघू म्हणजे काय, आप्पा?

आकाराम : हे तुमच्या फॉर्मात हाय का?

संयोगिता : न्हाय. हे मी विचारते.

आकाराम : मग फॉर्मातलं इचारा, मॅडम.

संयोगिता : बरं. मागच्या चार-पाच वर्षांत गिऱ्हाईक वाढलं, कमी झालं, की तेवढंच आहे?

आकाराम : कमी. पाकिटाची चटणी आली न्हवं का. सुना मॉलमधनं आणत्यात, सासवा नाकं मुरडत्यात, आन् खातंय समदं घर. गेल्या उन्हाळ्यात मातर जरा वाढलं. कशानं ते मला कळलं न्हाय.

संयोगिता : मला कळलं. पण ते नंतर. आपलं गिऱ्हाईक आपल्यावर किती विश्वास ठेवतं? खूप, थोडा, की अजिबात नाही?

आकाराम : अजिबात न्हाय.

संयोगिता : काय?

आकाराम : खरं सांगायचं न्हवं? मग ऐका. एवढी वर्सं झाली, एक बाई मिरची ठेवून घरला जात न्हाय. दोन-दोन तास हितं बसत्यात, माझ्या हाताकडं बघत. परत्येकीला घोर, माझी जवारी मिरची हिच्या ब्याडगीत गेली का, हिची माझ्यात आली का. माझ्या पोरानं, राजवीरनं, मागं ती टोकनाची टूम काढलीती. मिरची ठेवा, घरला जावा, सांजच्याला डबा घरपोच. घेतलं का एकीनं तरी टोकन? जरीनाभाभीचं घर हाकेवर, ती बी हितंच. कुणाच्या मूठभर मिरचीला हात लावला न्हाय मी जल्मात. तरी आपली राखण. सलतं ते. कुणाला बोललो न्हाय कवा.

संयोगिता : मला पण न्हाय बोललात.

आकाराम : तुला न्हवं, मॅडमला सांगालोय.

संयोगिता : मग मॅडमनं पण एक सांगू का? मुलाखत घेणाऱ्यानं मधे बोलायचं नसतं. पण तालीमच हाय ही.

आकाराम : बोला.

संयोगिता : गेल्या उन्हाळ्यात मी बाकडं मांडलं होतं बघा, पंख्याखाली. तुम्ही उगीच खर्च म्हणालात ते.

आकाराम : जागा अडली त्यानं. दोनदा गुडघा आपटला माझा.

संयोगिता : त्या बाकड्यावर मी बायकांसोबत बसायची. विचारलं सगळ्यांना. मिरची ठेवून घरी का जात न्हाय? जरीनाचाची काय म्हणाली म्हाईत हाय? म्हणाली, घरला गेलं की कोण बसू देतंय? हितं बसलं तर चटणीचं काम चाललंय म्हणून कुणी हाक मारत न्हाय. गडमुडशिंगीच्या धोंडुबाई तर भाकरी बांधून घेऊन येतात. नंबर लवकर लागला तर दुसरीला पुढं सोडतात. मी बघितलंय.

आकाराम : नंबर सोडत्यात?

संयोगिता : सोडतात. त्यांना वर्षातनं एकदा असं बसायला मिळतं, चार बायकांत. म्हणून टोकन नको झालं त्यांना. त्या तुमच्या हाताकडं बघत न्हाईत, आप्पा. तशी गरजच वाटत न्हाय त्यांना. आमच्या गाईड मॅडमना पण आधी वाटलं होतं की हा अविश्वासच. मी बायकांचं बोलणं लिहून दाखवलं तेव्हा पटलं.

आकाराम : आन् बाकडं घातलं म्हणून वाढल्या व्हय?

संयोगिता : बाकडं, पंखा आणि पाण्याचा माठ. पाकिटात ते मिळत न्हाय.

आकाराम : आयला. आन् मी मान खाली घालून कुटत बसलो. एकदा वर बघितलं असतं तर दिसलं असतं की.

संयोगिता : मशीनच्या आवाजात तुम्हाला काय ऐकू येणार?

आकाराम : न्हवं, तरी बी. लई बरं वाटलं बघ हे ऐकून. आधी कळायला पायजे हुतं.

संयोगिता : पुढचा प्रश्न. येत्या वर्षासाठी आपण काय ठरवलं आहे?

आकाराम : बंद.

संयोगिता : काय बंद?

आकाराम : कांडप. लिवा. रविवारी मोबाईलवाला येणार हाय, जागा भाड्यानं घ्यायला. दुकान घालतोय. मशीन आजऱ्याचा गुंडू घिऊन जाणार.

संयोगिता : हे कधी ठरलं?

आकाराम : फॉर्मात हाय?

संयोगिता : हाय. निर्णय कधी झाला आणि कशामुळे, असं हाय.

आकाराम : दिवाळी झाल्यावर. गुडघं गेलं माझं, उभं ऱ्हावत न्हाय. राजवीरला इचारलं. म्हणला, आप्पा, मिरचीचं नाव काढलं तरी मला शिंक येती. खोटं न्हाय ते, लहानपणापास्नं हाय. कागलच्या एमआयडीसीत चांगला लागलाय, त्याला कशाला हिकडं ओढू? म्हणला, तुमची इच्छा.

संयोगिता : आणि आईला?

आकाराम : तिला सांगितलं.

संयोगिता : सांगितलं.

आकाराम : मग टिक करा की.

संयोगिता : सतरावा प्रश्न. घरातल्या मुलीला विचारलं का?

आकाराम : असा प्रश्न हाय?

संयोगिता : हाय.

आकाराम : बघू, हिकडं कर. चष्मा कुठाय माझा? हाय की खरंच. तैवानात बी हाच इचारणार?

संयोगिता : आधी नव्हता. मी घातला. मग त्यांनीपण घेतला.

आकाराम : तू का घातलास?

संयोगिता : तुम्हाला एकट्याला विचारायचं धाडस होत नव्हतं. म्हणून सगळ्यांनाच विचारायचं ठरवलं.

आकाराम : म्हंजे तुला...

संयोगिता : आधी उत्तर द्या. मुलीला विचारलं का?

आकाराम : न्हाय.

संयोगिता : का न्हाय?

आकाराम : ती व्हय म्हणली असती.

संयोगिता : मग?

आकाराम : मग काय? तिच्या आईनं निम्मा जल्म ह्या धुरळ्यात काढला. कांडप सोडलं तरी खोकला सुटला न्हाय तिचा. पोरीला शिकवली ती हितं आणून बसवायला न्हवं. कालेजात शिकवंल, स्वच्छ हवंत बसंल, हाताची आग हुणार न्हाय. आन् ती कशी हाय मला म्हाईत हाय. बापाच्या गुडघ्याकडं बघून व्हय म्हणली असती. तसला व्हय नको हुता मला. म्हणून इचारलंच न्हाय.

संयोगिता : तिला वाईट वाटलं.

आकाराम : मॅडमला का तिला?

संयोगिता : मला. मला वाईट वाटलं, आप्पा. रविवारी त्या मोबाईलवाल्याच्या तोंडनं कळलं असतं मला. ज्याला शिंका येतात त्याला विचारलंत आणि जिनं बाकडं मांडलं तिला न्हाय.

आकाराम : तुझ्या भल्याचंच बघितलं गं.

संयोगिता : भलं करायचं असलं तरी आधी विचारावं. माझा व्हय गुडघ्याकडं बघून हाय का दुकानाकडं बघून, ते मला सांगू द्यायचं होतं. मला हे काम आवडतं. त्या बायका आवडतात. विद्यापीठात बसून त्यांच्याबद्दल लिहायचं आणि दुकान मोबाईलवाल्याला द्यायचं, हे मला जमणार न्हाय.

आकाराम : आन् धुरळा? तो काय फॉर्म बघून मागं फिरतोय व्हय?

संयोगिता : आईचा खोकला मी पण ऐकतेच की. राजवीरच्या कारखान्यात धूळ ओढून घेणारा पंखा हाय. वर पाईप आणि बाहेर पिशवी. आपल्या जागेत कसा बसंल त्याचं चित्र काढून घेतलंय मी त्याच्याकडनं.

आकाराम : मग त्याला म्हाईत हाय हे समदं? मला बोलला न्हाय तो.

संयोगिता : त्याला वाटलं अभ्यासासाठी पाहिजे. मी पण काही सांगितलं न्हाय त्याला.

आकाराम : का?

संयोगिता : तुमचीच मुलगी हाय की.

आकाराम : हं. आन् तुझी पीएचडी?

संयोगिता : ती होणारच. कांडप उन्हाळ्यापुरतं, लिहायला बाकीचं वर्ष हाय.

आकाराम : लोक म्हणतील, एवढं शिकून मिरची कुटाय बसली.

संयोगिता : म्हणू देत. बाकड्यावर बसूनच म्हणतील. येताना मिरची आणतीलच.

आकाराम : चेष्टा नको. नीट ऐक. एक उन्हाळा. पंखा आधी, मशीन मागनं. तुला खोकला लागला की बंद, आन् तवा माझ्याशी वाद घालायचा न्हाय.

संयोगिता : हे सांगताय, की विचारताय?

आकाराम : लई शाणी झालीस.

संयोगिता : रकाना सांगा.

आकाराम : इचारालोय. करशील का?

संयोगिता : व्हय.

आकाराम : गुडघ्याकडं बघून?

संयोगिता : न्हाय. दुकानाकडं बघून.

आकाराम : आन् रविवारी त्या माणसाला काय सांगू? शब्द दिलाय मी. आजवर शब्द फिरवला न्हाय.

संयोगिता : च्या पाजा आणि सरळ सांगा, घरात विचारायचं राहिलं होतं.

आकाराम : हसंल की तो.

संयोगिता : हसू दे. गुंडूमामांना फोन मात्र आजच करा. ते टेम्पो ठरवून बसले असतील.

आकाराम : करतो. ते मोबाईल बंद कर आधी. आन् शटर वर घे, अंधारात बसल्यागत झालंय.

जरीना : बरं झालं, उघडलंसा. दळण टाकून आलो. काय ठरलं दादा? मिरची उन्हात टाकू का नको?

आकाराम : मला नका इचारू, भाभी. तिला इचारा.

जरीना : संयूला? बरं. काय गं, टाकू का?

संयोगिता : टाका, चाची. देठ काढून आणा.