पाणीवाले बारा

(दुपार. प्रयोगशाळेतली उंदरांची खोली, लाल दिवा. माझी बायको इथे पिंजरे सांभाळायची. मॅडम इथल्या संशोधक.)

मी : ती गेली त्या मंगळवारी तुमचा फोन आला, तर मी राँग नंबर म्हणून ठेवून दिला.

मॅडम : दोनदा ठेवलात, भाऊजी.

मी : तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, तिच्या पर्समध्ये माझा जुना चष्मा आहे. मग खरं वाटलं.

मॅडम : मला दुसरं काही सुचेना. ताई इथेच, या स्टुलावर बसल्या होत्या, भिंतीला टेकून. मला वाटलं, डुलकी लागली. दहा मिनिटं मी पाय न वाजवता वावरले. झोपमोड नको म्हणून.

मी : बरं केलंत. हा दिवा नेहमी असाच असतो?

मॅडम : उंदरांना लाल उजेड फारसा दिसत नाही. त्यांच्या लेखी आता रात्र आहे.

मी : पाण्याखाली उभं राहिल्यासारखं वाटतं. अकरा दिवस मला सगळीकडेच असं वाटतंय. माणसं समोर उभी असतात, आवाज शेजारच्या खोलीतून येतो. काल माझ्या चष्म्याच्या दुकानात एक काच घासायला घेतली आणि मान वर केली तर दुपार संपली होती. काच तशीच.

मॅडम : जेवता का वेळेवर?

मी : बहीण बघते. मॅडम, तिचा कोट आणि चपला कुणाकडूनही पाठवल्या असत्यात तुम्ही. मला का बोलावलंत?

मॅडम : एक विचारायचं होतं. ताई इथल्या कामाचं घरी बोलायच्या?

मी : रोज. पण मला कितीसं कळणार?

मॅडम : सोपं सांगते. उंदीर महिनाभर एकटा ठेवला की चिडका होतो. दुसरा समोर सोडला तर चावतो. मेंदू स्वतःला शांत ठेवायला एक द्रव्य बनवतो. न्यूरोस्टेरॉइड. एकटेपणात ते कमी बनतं. नैराश्यावरच्या काही गोळ्या अगदी थोड्या मात्रेत दिल्या तरी ते परत वाढतं.

मी : म्हणजे शांतपणा गोळीतून येत नाही. आतलाच बंद पडलेला कारखाना सुरू होतो.

मॅडम : ताई अगदी असंच म्हणायच्या!

मी : तिचंच आहे ते. माझं डोकं कुठलं एवढं!

मॅडम : तर असे एकेकटे ठेवलेले चोवीस. बारा उंदरांना औषध, बारांना नुसतं पाणी. कुणाला काय, हे फक्त ताईंना ठाऊक. मला कळलं तर माझी नजर तिकडे झुकेल ना. परवा त्यांनी लिहून ठेवलेल्या यादीचं बंद पाकीट उघडलं. पाणीवाले बाराच्या बारा शांत. औषधवाल्यांइतकेच.

मी : मग चांगलंच की.

मॅडम : चांगलं कसलं, भाऊजी! औषधाने काही फरक पडत नाही, असं लिहावं लागेल मला. आणि मला ते खरं वाटत नाही. काहीतरी घडलंय या खोलीत.

मी : घडलं असेल तर?

मॅडम : वहीत लिहायचं. ज्याच्या हातून घडलं त्याच्या नावानिशी. वीस वर्षांत ताईंच्या नावापुढे एक शेरा नाही.

मी : चावरा कुठला यातला? तिच्या अंगठ्याला चावला होता तो. ती त्याला 'साहेब' म्हणायची.

मॅडम : सतरा नंबर. इथे नावं नसतात, भाऊजी.

मी : तुमचंही ठेवलं होतं.

मॅडम : काय?

मी : राहू द्या. मॅडम, हे बघा, माझ्या खिशातलं गोळ्यांचं पाकीट. डॉक्टरांनी दिलंय. तुमच्याच जातीची गोळी ना?

मॅडम : हो. अजून एकही घेतली नाहीत?

मी : परवा एका गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून गेलो. चष्मा आजच हवा म्हणाला, एवढंच. म्हणून बहिणीने डॉक्टरांकडे नेलं.

मॅडम : चावलात का?

मी : थोडक्यात वाचला. ...हसलो मी आत्ता. अकरा दिवसांत पहिल्यांदा. तुम्ही लिहिलेलं या डॉक्टरांपर्यंत जातं का हो?

मॅडम : एकट्या माझं नाही. पण असंच थोडं थोडं साठत जातं. आणि उंदरांवरून माणसाचं ठरवू नका. डॉक्टरांनी दिलीय तर घ्या. काही आठवडे लागतात.

मी : कोटाच्या बाहीत घ्यायची ती त्यांना.

मॅडम : कुणाला?

मी : उंदरांना. तुम्ही जेवायला गेलात की. एकेकाला दोन-दोन मिनिटं. बाहीच्या आत सोडायची आणि काहीबाही बोलत बसायची.

मॅडम : सगळ्यांना?

मी : फक्त पाणीवाल्यांना. म्हणायची, बाकीच्यांना औषध तरी आहे, यांच्या वाट्याला नुसतं पाणी. हा काय न्याय झाला?

मॅडम : अहो, पण तोच तर प्रयोग होता! एकटे राहिलेच नाहीत की ते.

मी : रडू नका, मॅडम. ओरडा हवं तर. तिला वाटायचं, तुम्ही ओरडाल.

मॅडम : ओरडलेच असते. घ्या, हा कागद, वहीला जोडायचा. काय घडलं, कधीपासून, आणि शेवटी कारण. कारणात लिहा, नियम माहीत नव्हता. कुणी खोदून विचारणार नाही.

मी : माहीत होता तिला.

मॅडम : भाऊजी, त्या आता उत्तर द्यायला नाहीत.

मी : म्हणून तर. मेल्यावर तिला अडाणी ठरवू?

मॅडम : मग दया आली, असं लिहा.

मी : दया नाही म्हणाली ती. न्यायाचंही वरवरचं; एकदा दुसरंच काही म्हणाली होती. मी जेवत होतो, अर्धं लक्ष टीव्हीत. हूं हूं करत होतो, आता आठवत नाही.

मॅडम : बसा मग इथे. घाई नाही.

मी : काय घडलं ते लिहिलंय. तारीख टाकली, सही केली. कारणाची ओळ राहिलीय.