सायप्रसला नेलेला लाडवांचा डबा

सायप्रस? नको गं बाई, ते नावही काढू नकोस — बस आधी, कोट राहू दे अंगात, गॅसच्या मीटरमध्ये नाणं आत्ताच टाकलंय, खोली तापायला वेळ लागेल. कुणी सांगितलं तुला? आमच्या ह्यांनीच ना? हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये फोटो दाखवत फिरतात — निळं पाणी, पिवळी वाळू, छत्रीखाली मी. माझं तोंड बघितलंस का त्यात? एरंडेल प्यायल्यासारखं आहे!

अगं, मी अलिबागची, मला समुद्राचं काय कौतुक? तिथे सगळी गोरी मंडळी तेल चोपडून पडलेली, वांगी भाजायला ठेवावीत तशी — शी! — एक बाजू लाल झाली की दुसरी. आणि मधे मी, नायलॉनची साडी नेसून. वाळू निऱ्यांत, अंबाड्यात, दातांत. जेवायला काय, तर ऑक्टोपस, आणि तो आधी दोरीवर वाळत घातलेला बघायचा! मी आठ दिवस पाव आणि टोमॅटोवर काढले. मग म्हणे जुनं शहर बघू, सालामिस, दोन हजार वर्षांचं. भर उन्हात नेलं बसने. पुतळे सगळे नागडे, वर डोकी नाहीत. आणि गाईडने कौतुकाने काय दाखवावं? संडास! रोमन लोकांचा. चाळीसेक माणसं मांडीला मांडी लावून बसायची म्हणे, गप्पा मारत. शी शी शी! आणि आमचे हे ते सगळं वहीत उतरवून घेतायत. का? तर मिस्टर हॅलमना जुन्या गोष्टींची आवड आहे.

हां, ते तुला कुठून माहीत असणार — हॅलम म्हणजे ह्यांचे साहेब. मोठे सर्जन. सर्जनला इथे विलायतेत डॉक्टर नाही म्हणायचं हं, मिस्टर म्हणायचं. दर सप्टेंबरला ते फामागुस्ताच्या त्याच हॉटेलात जातात. ह्यांनी मुद्दाम तेच हॉटेल, तोच आठवडा धरला — बाहत्तरच्या डिसेंबरात कन्सल्टंटची, म्हणजे साहेबांसारख्या मोठ्या सर्जनची, जागा निघणार होती ना! आठ वर्षं साहेबांच्या हाताखाली रजिस्ट्रार म्हणून राबतायत. म्हणाले, चार दिवस शेजारी बसलो तर ओळख वाढेल. कसली वाढते? साहेब पहिल्या दिवशी 'लव्हली वेदर' म्हणाले आणि पेपर तोंडापुढे धरला. पुढचे पाच दिवस तोच पेपर. आणि हे आखूड चड्डी घालून त्या खुर्चीभोवती घोटाळतायत, हसतायत — मला किळस आली. ह्यांची नाही गं, त्या सगळ्याची... बरं, ह्यांचीही. थोडी.

मग मीच म्हटलं, आपण शब्द टाकावा. आपल्याकडे काय करतात? साहेबांच्या बायकोकडे जातात, काहीतरी घरचं नेतात, आणि निघता निघता म्हणतात, आमच्या ह्यांच्याकडे लक्ष असू द्या. माझ्या आईने वडिलांची बढती अशीच करून आणली. मी इथून बेसनाचे लाडू नेले होते, बिस्किटांच्या डब्यात. दुपारी हे झोपले आणि मी गेले वर. दार कुणी उघडलं? साहेबांनी! टॉवेल गुंडाळून. बाई खोलीत नव्हत्या. तेव्हाच मागे फिरायला हवं होतं — फिरले का? नाही. डबा पुढे केला आणि धडाधडा बोलत सुटले, प्लीज सर, गिव्ह हिम द पोस्ट — रडलेसुद्धा. माणूस लालेलाल झाला. म्हणाला, तुम्ही इथे आलात हे तुमच्या नवऱ्याला माहीत आहे? आता काय सांगायचं? नवऱ्याला न सांगता परक्या पुरुषाच्या दारात उभी आहे म्हणून कुठली बाई कबूल करेल? मी म्हटलं, येस सर. ही सेंट मी. त्यांनीच पाठवलं.

डबा घेतला नाही त्यांनी. दार लावून घेतलं, अगदी हळू. बायकोला लाडू देऊन पाठवणारा माणूस — असं झालं ना ह्यांचं त्यांच्या मनात? आणि ह्यांना पत्ताच नाही. डिसेंबरात जागा ग्लासगोच्या एका पोराला मिळाली. ह्यांना वाटतं, आपलं इंग्लिश कमी पडलं. रोज टेपरेकॉर्डरपुढे बसून पेपर मोठ्याने वाचतात, मग स्वतःचाच आवाज ऐकतात, आणि पुन्हा वाचतात. बेचाळीस वर्षांचा सर्जन गं! मी स्वयंपाकघरात नळ सोडून ठेवते, मला ऐकवत नाही.

आणि आता वर्षअखेरीला दुसरी जागा निघतेय, म्हणून पुन्हा सायप्रस. तेच हॉटेल! आज बुकिंगचे फॉर्म घेऊन येतायत. ह्या खेपेला साहेबांशी मोकळेपणाने बोलणार म्हणे. काय तोंडाने उभे राहतील ते त्या माणसापुढे, आणि तो काय म्हणेल ह्यांना?

तू हवामान विचारायला आलीस आणि मी काय सांगत बसले... खालचं दार वाजलं का? आलेच ते. नाही, उठू नकोस. बस म्हणते ना, अनुराधा! बाहेरच्या माणसासमोर हे आवाज चढवत नाहीत. आणि तू गेलीस की मी चहा टाकीन, आणि आजही काही बोलणार नाही, मला माहीत आहे. — अहो, ते फॉर्म द्या इकडे. कोट नंतर काढा. बसा आधी. हॅलमसाहेबांना मी तुमच्या नावावर एक खोटं सांगितलंय.