पन्नासाव्या दिवशी नापास

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ वडील, निवृत्त पोस्टमास्तरसाहेब. मंडळ्यांच्या संघाकडून मुद्दाम आलेले, व्यासपीठावर उजव्या हाताला बसलेले चिटणीस महोदय. ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते आपले पाळकसाहेब, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या पाळकीणबाई. पेटीवर बसलेली माझी मावशी. आणि साठ बाकांच्या या प्रार्थनामंदिरात एकमेकांपासून जमेल तितक्या लांब बसलेल्या माझ्या मूठभर लूथरन बंधुभगिनींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. देताना म्हणाले, "कॉलेज अर्धवट सोडलंस, भाषण तरी पुरं कर." तुम्ही सगळे हसलात. मीही हसलो. भाषण मी पुरं करणार आहे, साहेब. फक्त ते गोड लागणार नाही.

माझ्याआधी चार जण बोलून गेले. पहिल्यांनी पाळकसाहेबांना दीपस्तंभ म्हटलं. दुसऱ्यांनीही दीपस्तंभच म्हटलं, कारण त्यांनी पहिल्यांचं भाषण ऐकलं नव्हतं. तिसऱ्या वक्त्या दिव्यापर्यंत आल्या आणि चुकून मेणबत्ती म्हणून गेल्या. ठीक आहे. सव्वीस वर्षं या माणसानं आपले बाप्तिस्मे केले, आपली लग्नं लावली, आपली माणसं पुरली. माझा बाप दवाखान्यात होता तेव्हा पाळकसाहेब रोज पायी यायचे, आणि बाप बोलू शकत नव्हता म्हणून नुसते बसून राहायचे. हे मी विसरलेलो नाही. पण दिव्याखाली अंधार असतो ही म्हणही आपलीच आहे ना? आज मी त्या अंधाराबद्दल बोलणार आहे.

आज ईस्टरपासूनचा पन्नासावा दिवस. पेन्टेकॉस्ट, पवित्र आत्मा शिष्यांवर उतरला तो दिवस. वेदीवर लाल कापड अंथरलंय. मंडळीचा वाढदिवस, असं चिटणीस महोदय सकाळच्या उपदेशात म्हणाले. आणि त्यांच्याच सहीचं पत्र गेल्या महिन्यात आलं, की दृढीकरण झालेली, म्हणजे परीक्षा देऊन पूर्ण सदस्य झालेली, वीस माणसं नसतील त्या मंडळीला नवा पाळक मिळणार नाही, आणि पाळक नाही त्या मंदिराला कुलूप. आपण एकोणीस आहोत. कार्यक्रमपत्रिका उलटून बघा. पाचवा मुद्दा चहापान, सहावा मुद्दा 'मंडळीच्या भवितव्याबाबत ठराव'. एकाच चहात दोन्ही कामं उरकायची. म्हणजे पाळकसाहेबांच्या नावाखाली आज निरोप आपलाच आहे, हो ना? वाढदिवसाच्या दिवशी?

घंटी वाजवू नका, अध्यक्ष महोदय. अजून दोनच मिनिटं झालीत.

चिटणीस महोदयांनी सकाळी शिष्यांवर उतरलेल्या अग्नीच्या जिभांवर वीस मिनिटं सांगितलं. छान सांगितलं. पण मला एक विचारायचंय. त्या दिवशी चमत्कार जिभेचा झाला की कानाचा? खोलीत बसलेली येशूची माणसं आपल्यासारखीच मूठभर होती, दार लावून, घाबरून. बाहेर देशोदेशीचे लोक. आणि त्यातल्या प्रत्येकाला स्वतःच्या आईची भाषा ऐकू आली. कुणी त्यांना म्हणालं का, की बाबांनो, आधी आमची भाषा शिकून या, पाठ करून या, मग आत या? म्हणालं असतं तर ती खोली तशीच बंद राहिली असती, आणि तिथंही सहावा मुद्दा आला असता.

मागच्या बाकावरून कुणीतरी "पिऊन आलाय वाटतं" म्हणालं. काका, त्या दिवशीही पहिला टोमणा हाच मारला होता लोकांनी. तुम्ही योग्य परंपरेत आहात.

आता मागच्या वर्षीच्या पन्नासाव्या दिवसाकडे येतो. आई, डोळे वटारू नकोस. मी बोलणार आहे.

आपल्याकडे दृढीकरण याच दिवशी होतं. उमेदवारानं वेदीपुढं उभं राहायचं, पाळकांनी प्रश्नोत्तरीतला प्रश्न विचारायचा, आणि उत्तर सगळ्या मंडळीसमोर द्यायचं. मंडळीला उत्तर कळलं पाहिजे, ही आपली जुनी रीत. मागच्या वर्षी तेरा जण उभे होते. तेराही बाटल्यांच्या कारखान्यात कामाला आलेले, दूरचे, परक्या भाषेचे, पण पिढ्यान्‌पिढ्यांचे लूथरन. दोन वर्षं ते आपल्याकडे उपासनेला येत होते. खालची चाळीस बाकं रिकामी असताना आपण त्यांना वर गॅलरीत बसवत होतो, कारण खालचं प्रत्येक बाक कुणाच्या तरी आजोबांचं. आजोबा स्मशानात, बाक राखीव! चार सुरांत गाणारी मंडळी आपली, आता घड्याळजीकाकांच्या खोकल्यासकट अडीच सूर उरलेत. वरून ते तेरा जण गायला लागले की मावशीची पेटी दबून जायची. मावशीनं त्याचीही तक्रार केली होती. केली होतीस, मावशी.

तेरा जणांच्या रांगेत पहिली एक मुलगी होती. तिचं नाव मी इथं घेणार नाही. तो हक्क तिनं माझ्याकडे ठेवलेला नाही. कारखान्यात ती तपासणीला बसते. प्रत्येक बाटली दिव्यासमोर फिरवायची, तडा असेल ती बाजूला काढायची. तिच्यासारखी नजर आख्ख्या पाळीत कुणाची नाही. पाळकसाहेबांनी तिला विचारलं, पवित्र आत्म्यावर तुझा विश्वास आहे, म्हणजे काय? आणि ती बोलली. मिनिटभर, न अडखळता, सरळ उभं राहून. पण तिच्या भाषेत. बाजारापुरती आपली भाषा तिला येते. पण जे मनापासून सांगायचं ते ती आईच्या भाषेतच सांगते.

मंदिरात कुजबुज झाली. आणि पाळकसाहेब म्हणाले, "उत्तर चुकलं असं मी म्हणत नाही. पण ते आम्हाला कळलं नाही. पुढच्या वर्षी आपल्या भाषेत पाठ करून ये." नोंदवहीत तिच्या नावापुढं शेरा पडला. नापास. ती वळली, मधल्या वाटेनं सरळ दारातून बाहेर गेली. तिच्यामागून बाराही गेले. एकाचीही परीक्षा झाली नाही. तेव्हापासून ते शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत उपासना करतात. तिथं पाळक नाही, वेदी म्हणून कापड कापायचं टेबल. आणि आपण इथं एक माणूस कमी पडतंय म्हणून रडतोय!

पाळकसाहेब, मुक्या सुताराची परीक्षा तुम्हीच घेतली होती ना? त्यानं हातांनी खुणा केल्या, त्याच्या बहिणीनं त्या आम्हाला समजावल्या, आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवलात. मुक्याला चालतं आणि परक्या भाषेला चालत नाही? आणि तेही नेमकं याच दिवशी? सगळ्या जगात पन्नासाव्या दिवशी भाषेवरून माणूस नापास करणारी मंडळी फक्त आपली असेल. कुलूप लागलं तर त्यात नवल काय?

काय म्हणालात, अध्यक्ष महोदय? जरा मोठ्यानं म्हणा, मागं ऐकू जात नाही.

बरं. अध्यक्ष म्हणतायत, "अरे दीडशहाण्या, पाळकांनी त्या दिवशी तुलाच उभं केलं होतं. विसरलास? तूच म्हणालास ना, कळलं नाही?"

हो.

जरा पाणी मिळेल का?

हो, पोस्टमास्तर. मलाच उभं केलं होतं. तुम्हा सगळ्यांना आठवतंय, मला दिसतंय. शेरा मारण्याआधी पाळकसाहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तू यांच्यात काम करतोस. मुलगी काय म्हणाली, तेवढं मंडळीला सांग." आणि मी उभा राहून म्हणालो, "नाही कळलं, साहेब."

मला सगळं कळलं होतं.

एक शब्द सुटला नव्हता. कॉलेज सोडून मी कारखान्यात खोकी भरायला लागलो त्याच आठवड्यात तिनं मला तिच्या भाषेतला पहिला शब्द शिकवला होता. 'फुटकी.' मग एक ते शंभर. मग शिव्या, कारण मुकादम आमचा तसाच आहे. मग जेवणाच्या सुट्टीत बाकी सगळं. दीड वर्षं. घरी आई विचारायची, "हल्ली पुटपुटतोस काय रे?" मी म्हणायचो, "गाणं आहे." तुम्हीच, अध्यक्ष महोदय, त्या परीक्षेच्या आदल्या रविवारी दारात म्हणाला होतात, "या गॅलरीवाल्यांशी जरा अंतर ठेवा, पोरं बिघडतात." आईनं मान हलवली होती. त्यामुळं साहेबांनी उभं केलं तेव्हा मला एवढंच दिसलं, की मी अर्थ सांगितला तर पुढचा प्रश्न येणार, तुला रे कुणी शिकवलं? मग आई, मग मावशी, मग सगळी मंडळी. हाच मी, जो चहाच्या टपरीवर टेबल बडवून भांडतो, तो मी एका मुलीची भाषा येते एवढं कबूल करायला टरकलो.

उत्तर देताना ती वेदीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मला कळतंय हे या मंदिरात तिला एकटीलाच माहीत होतं. "नाही कळलं" एवढी आपली भाषा तिला येते.

त्यानंतर ती पाळी बदलून गेली. मी भरलेल्या खोक्यांवर ती सही करते. वर बघत नाही. मी तिच्या भाषेत दोन पत्रं लिहिली, दोन्ही परत आली. त्यातल्या माझ्या चुका मात्र तिनं दुरुस्त करून पाठवल्या होत्या. माझी सगळी आशा तेवढ्यावर आहे. हसा, हसा. तुमच्या जागी असतो तर मीही हसलो असतो.

तेव्हा पाळकसाहेब, दहा मिनिटं मी तुम्हाला फाडून खातोय, आणि तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, की मी याला विचारलं होतं. तुम्ही विचारलं होतं. जीभ तिची चालली, कान माझे चालले, आणि मध्ये मी दार लावून घेतलं. तुमचा राग मला अजून आहे. गॅलरीबद्दल आहे, "पाठ करून ये" बद्दल तर आहेच. पण तो शेरा माझा होता.

चिटणीस महोदय, तुम्ही घड्याळ बघताय. पाळकसाहेबांचा अधिकार आज सूर्य मावळेपर्यंत आहे ना? मान हलवलीत, आभारी आहे. मग मी, या मंडळीचा दृढीकरण झालेला सदस्य, सुताराच्या बहिणीसारखा उभा राहून साक्ष देतो. ती काय म्हणाली ते ऐका. आधी तिच्या भाषेत म्हणणार होतो, पण ती माझ्या तोंडून शोभत नाही. ती म्हणाली, "मी माझ्या अकलेनं इथं आलेले नाही. माझ्या पायांनीही नाही, पाय मला कारखान्यापर्यंतच आणतात. कुणीतरी मला हाक मारली. ती हाक माझ्याच भाषेत होती, म्हणून मला वळावं लागलं. ज्यानं मला हाक मारली तोच तुम्हालाही हाक मारतो, नाहीतर आपण एका छपराखाली कशाला आलो असतो? हाक मारणाऱ्याला मी पवित्र आत्मा म्हणते."

एवढंच म्हणाली. आता सांगा, साहेब. नापास?

शांत बसा ना जरा, घड्याळजीकाका. पाळकसाहेब उठतायत.

मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून सांगतो. पाळकसाहेब म्हणाले, "गाढवा, हे एक वर्ष आधी सांगायचं होतंस." दुसरं असं म्हणाले, की ती नोंदवही द्या इकडे. आणि तिसरं अध्यक्षांना म्हणाले, की चहा थोडा वेळ झाकून ठेवा, सहावा मुद्दाही. अध्यक्ष म्हणतायत हे नियमात बसत नाही. पाळकसाहेबांनी त्यांना ऐकलं की नाही कळत नाही, त्यांनी वेदीवरून दृढीकरणाच्या तेलाची कुपी उचलली आहे, आणि पाळकीणबाई त्यांची टोपी घेऊन पुढं निघाल्यात.

शिंप्याच्या दुकानावर ती दार उघडेल असं मी कुणाला वचन देत नाही. तिच्या जागी मी असतो तर जिन्यावरून खाली ढकललं असतं. आम्ही दारातून परत आलो तर तुम्ही खुशाल ठराव करा आणि किल्ली चिटणीस महोदयांच्या हातात द्या, मी हात वर करीन.

मला बोलू दिलंत, घंटी वाजवत का होईना, त्याबद्दल अध्यक्षांचा आभारी आहे. या दिवसाचं पाहुणेपण सोसल्याबद्दल चिटणीस महोदयांचा, आणि एकदाही ओरडून मला खाली न बसवल्याबद्दल माझ्या आईचा. बोलताना कुणाला लागलं असेल. त्यातलं जे खोटं होतं त्याची माफी मागतो, जे खरं होतं त्याची तुम्ही मला द्या. समारोप करायला मला वेळ नाही. पाळकसाहेब फाटकापाशी पोचलेत, आणि त्या जिन्यावर त्यांना दुभाष्या लागणार आहे.