कॉलनीचा स्पीडब्रेकर

—म्हणून म्हणतो राजदीपभाऊ, जेसीबी बंद कर, चावी खिशात टाक आणि आधी चहा पी. साहेबांनी सांगितलं ना, उद्या मोठे पाहुणे या हायवेने जळगावात शिरणार, त्यांच्या कमरेला दणका बसायला नको, हा ब्रेकर आज उडवा? उडव की! मी कुठे नाही म्हणतो? पण धुळ्याहून एवढा आलास, तर उडवतोयस ते काय आहे हे तरी ऐकून घे. हा साधा ब्रेकर नाही. विचार कोणालाही — नाही, कोणाला नको, लोक खोटं बोलतात, मलाच विचार. सुपडूनाना म्हणतात मला, भज्यांची टपरी म्हटलं की मीच.

सावद्याचा केळीचा ट्रक आला एकदा, सुसाट. इथे असा उडाला, असा उडाला की घड जाऊन त्या विजेच्या तारांवर लटकले — ओळीने, दुकानात टांगतात तसे. मग काय, यावलच्या जंगलातून माकडं आली. कशी? एसटीने! अर्धं तिकीट काढून! हस, हस. आणि भडगावची लग्नाची गाडी — नवरा-नवरी मांडवातच भांडलेले, हा या खिडकीला, ती त्या खिडकीला. ब्रेकरने असा दणका दिला की ती थेट त्याच्या मांडीवर. आता जुळं आहे त्यांना. दर वर्षी पेढे आणतात, आधी ब्रेकरला ठेवतात, मग मला. अजून एक कप घे. अरे घे रे, घाई कसली.

काय? हायवेवर ब्रेकर नियमात बसत नाही? नाहीच बसत. साहेब पण हेच म्हणाले. कॉलनीच्या बाया गेल्या होत्या ना त्यांच्याकडे, द्रौपदाबाई पुढे. कॉलनी त्या बाजूला; शाळा, दवाखाना, रिक्षाथांबा या बाजूला — माणसाने जायचं कसं? पूल मागितला — फंड नाही. भुयारी रस्ता — फंड नाही. सिग्नल? नाही. सिटी बस तरी कॉलनीच्या दारातून फिरवा म्हणाल्या, म्हणजे रस्ता ओलांडायलाच नको — तर ती बसच बंद पडली. शेवटी द्रौपदाबाई म्हणाली, साहेब, पांढरे पट्टे मारा, चुना आम्ही आणतो. साहेब हसले. आणि रस्ता चारपदरी करायला होता बरं का फंड! आज तुझ्या डिझेलला पण निघाला. गाडीवाल्याची पाच मिनिटं वाचवायला पैसा शे, पायी चालणाऱ्याचं — जाऊ दे. चहा गार होतोय तुझा.

मग ब्रेकर कोणी केला? केला बठ्ठ्या कॉलनीने, सगळ्यांनी मिळून. माणूस गेल्यावर करतात त्या पुण्यानुमोदनाला जमली होती सगळी — कोणाच्या म्हणजे? आमच्याच घरी होतं. प्रमिलाचं. माझी बायको. वंदना झाली, जेवणं झाली, पण कोणी उठेना. मग द्रौपदाबाई उठली, तिच्या मोरीच्या फुटक्या फरशा घमेल्यात भरून आणल्या आणि हायवेवर ओतल्या. मग निघाल्याच सगळ्या — कोणी विटा, कोणी उरलेलं सिमेंट, कोणी मुरूम. ट्रकवाले हॉर्न मारताहेत, बाया हलेनात. मी घरात गेलो. द्यायला काही सापडेना, तर तिचा पाटा उचलला. मिक्सर आणून दिला होता रे मी, पण भज्यांची चटणी ती पाट्यावरच वाटायची, अन डबा घेऊन रोज इकडे टपरीवर यायची. त्या दिवशी दुभाजकापर्यंत आली होती. मला हात केला. मी पण केला, आणि—

नाही, रडत नाही. हायवेची धूळ शे ती.

मधोमध आहे बघ पाटा, वरून डांबर. तुला एक सांगतो. इथे गाडी आली की गिअर पाडते ना, तो आवाज — आधी गुरगुर, मग बारीक. मी पाठमोरा भजी तळत असतो, अन वाटतं, थांबला हा. तिला जाऊ देतोय. ट्रक, बस, बुलेटवरची पोरं — सगळे थांबून तिला जाऊ देतात. ती अजून पोहोचली नाही, एवढंच.

काय म्हणालास? नाही काढत? मशीन बिघडलं म्हणून सांगतोस? येडा आहेस का तू! तुझी नोकरी जाईल. अन तू गेलास तर अंधार पडायच्या आत दुसरा येईल. त्यालाही मी चहा देईन, हेच सगळं सांगेन, आणि तो न ऐकताच बकेट घालेल. पाट्याचे तुकडे होतील. नको. तूच काढ. कडेकडेने उकर, मधे आलास की हळू. दगड लागला की थांब, मी हाताने काढतो. जड आहे, पण येतो मला उचलता.

बघतोस काय असा? कप राहू दे तिथे. जा. जा म्हटलं ना.