फोटोसाठी फिरवलेली खुर्ची

हॅलो?… हॅलो, कोण?… हो, शिवकन्याच बोलून राह्यले. नमस्कार, तातेराव काका.

दादा न्हाईत दुकानात, जालन्याला गेलेत. खताची गाडी यायचीय… माझ्याशीच काम आहे? मंग बोला.

हो. कार्डं मीच गोळा केली… आज सकाळी. साडेसहाच्या एस.टी.नं केदारखेड्याला गेल्ते. आपल्या क्लबातले संपत अन् प्रभावती होते सोबत.

न्हाई, आज विचारलं न्हाई. बुधवारी विचारलं होतं. तुम्ही म्हणाले, रविवारचा कार्यक्रम होऊ दे, मंग पाहू.

हो, हो… काका, ऐका ना… बरं, तुमचं होऊ द्या आधी.

हो.

हो. अध्यक्ष तुम्हीच आहात, मी कुठं दुसरं म्हणले?

न्हाई, क्लबचं नाव मी घालवलं न्हाई. मी फक्त लोकांच्या हातातनं चुकीची कार्डं परत घेतली. एकशे एकोणचाळीस आली. दोन बायका कापूस वेचायला गेल्त्या, त्यांची राह्यली. एका पोरानं हरवलं म्हणे.

चुकीची म्हणजे चुकीची, काका. शिबिरात तपासलेले रक्तगट चुकलेत.

पेपरात आलं म्हणून ते खरं होतं का? पेपराला बातमी तुम्हीच दिली. ‘निगेटिव्ह रक्ताचं गाव’. केदारखेड्यात दुर्मिळ रक्तगटाची एकोणसत्तर माणसं… वर सगळ्यांची नावं. नावं कशाला द्यायची होती?

मी रजिस्टर मोजलं. तेवढंच केलं… हो, मला मोजायची खोड आहे, बी.एस्सी. झाल्यापासनं आहे. पहिल्या चाळीस जणांत ओ गटाचे चौदा अन् निगेटिव्ह एक. ते ठीक. आपल्याकडं तसंच निघतं. नंतरच्या एकशे तीन जणांत ओ किती? दोन. अन् निगेटिव्ह अडुसष्ट. एका गावात, एका शाळेच्या व्हरांड्यात, साडेअकरापर्यंत एक रक्त अन् साडेअकरानंतर दुसरं? पाणी बदललं का मधे?

चेष्टा न्हाई करून राह्यले.

साडेअकराला काय झालं, तेच तर सांगायचंय… फोटो झाला, काका. फोटोवाला आला.

आठवतंय ना? तोवर साहेबराव काका माझ्या बाजूला बसून रक्तगट वाचत होते. मी पांढऱ्या फरशीवर तीन थेंब रक्त घ्यायची अन् त्यात औषध टाकायची. डावीकडं ए, मधे बी, उजवीकडं पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा. कोणत्या थेंबात गुठळ्या झाल्या ते पाहून साहेबराव काका सांगायचे, संपत लिहायचा. मंग तुम्ही म्हणाले, बॅनर दिसून न्हाई राह्यलं, साहेबराव, खुर्ची पलीकडं घ्या.

घेतली. बॅनर छान दिसलं. अन् फोटो झाल्यावर खुर्ची कुणी परत आणलीच न्हाई. दुपारी तीनपर्यंत ते समोरूनच वाचत राह्यले.

मंग काय? अहो, मंग सगळं उलटं… साहेबराव काका चुकणार न्हाईत, हे मलाही मान्य आहे. तीस वर्षं कंपाउंडर होते. त्यांचे डोळे न्हाई चुकले, बाजू चुकली.

कळलं न्हाई? बरं. फोनजवळ काय काय आहे तुमच्या?… चष्मा, किल्ल्या. अजून?… पेन. चालंल. तिन्ही एका ओळीत ठेवा. डावीकडं चष्मा, मधे किल्ल्या, उजवीकडं पेन… ठेवा हो, काही बिघडत न्हाई. काकू आहेत का घरात?… उषाकाकूंना समोर उभं करा… तुमच्या समोर, टेबलाच्या पलीकडं. अन् विचारा, डावीकडनं पहिलं काय आहे.

काय म्हणाल्या?

पेन. बराबर.

त्या चुकल्या का? न्हाई ना. तसंच झालं. माझा तिसरा थेंब त्यांचा पहिला झाला. तिसरा थेंब शंभरात पंच्याण्णव जणांचा पॉझिटिव्हच असतो, त्यांनी तो ए म्हणून वाचला. म्हणून सगळं गाव ए अन् एबी निघालं. अन् माझा पहिला, एचा थेंब त्यांचा तिसरा झाला, म्हणून ज्याच्या अंगात ए न्हाई तो झाला निगेटिव्ह. तुमचं दुर्मिळ गाव तयार.

माझं? माझंही कार्ड आहे, नंबर एकसष्ट. ए निगेटिव्ह. कॉलेजात प्रॅक्टिकलला तीनदा तपासलंय, तिन्ही वेळा ओ पॉझिटिव्ह. शंका तिथनंच आली.

हो, औषध मीच टाकत होते. माझीही चूक आहे. मान खाली घालून हात चालवत राह्यले, समोर कोण कुठं बसलंय, पाहिलं न्हाई. ते मी केदारखेड्यात सगळ्यांसमोर सांगून आले. पुरावा पाहिजे तर पेपरातला फोटो काढा. तुम्ही मधे बोट पुढं करून उभे, साहेबराव काका बॅनरकडं पाठ करून, अन् खालच्या कोपऱ्यात एक हात आहे, घड्याळाचा. तो माझा. बाकीची मी कापलीय.

न्हाई, राग न्हाई त्याचा.

असं न्हाई चालणार… रजिस्टर घरी आणून उलटं करून लिहायचं? कितव्या नंबरापासनं उलटं करायचं ते सांगा. फोटो नेमका कितव्या नंबराला झाला, ते कुणी लिहिलं न्हाई. अडतीस असंल, न्हाईतर चव्वेचाळीस. मधल्या सहा-सात माणसांचं काय करायचं, चिठ्ठ्या टाकायच्या?

दवाखान्यात पुन्हा तपासतात, मला माहीत आहे. पण कार्ड दवाखान्यातच दाखवतात असं कुठंय? कचरूभाऊची बेबीनंदा माहीत आहे ना?… तीच, बारावी झालेली. तिची मंठ्याला सोयरीक ठरल्ती. येत्या सोमवारी सुपारी फुटायची होती. पोराच्या मामानं पेपर वाचला. बेबीनंदा कचरू, ए निगेटिव्ह. म्हणे, पोरीच्या रक्तात खोट आहे, लेकरं जगायची न्हाईत. निरोप आला, येत न्हाई म्हणून.

अडाणी म्हणा, काहीही म्हणा. मी काल दुपारी मंठ्याला जाऊन आले. सांगितलं, एक तर निगेटिव्ह असणं ही खोट न्हाई, अन् दुसरं, ती निगेटिव्ह आहे का न्हाई हेच अजून ठरलेलं न्हाई. मामा म्हणाला, पेपरात खोटं छापतात का?… मी काय सांगू त्याला, तुम्हीच सांगा. शेवटी एवढ्यावर आला की नवं कार्ड दाखवा, रविवारच्या दुपारपर्यंत.

म्हणून रविवारीच. सकाळी सात वाजता, शाळेच्या व्हरांड्यात. औषधाच्या बाटल्या कॉलेजातनं आणल्यात, आमच्या बाई स्वतः येऊन राह्यल्या तपासायला.

ठाऊक आहे, अकराला प्रांतपाल येणार आहेत भोकरदनला, सगळ्या क्लबांचे वरचे साहेब. ढाल द्यायला… वीस तरुण सभासद वाढवले म्हणून. वरून परिपत्रक आलं, तीस वर्षांखालचे वीस पाहिजेत, तेव्हा तुम्ही दुकानात आल्ते, दादांना म्हणाले, तुमची पोरगी हुशार आहे, क्लबला तरुण रक्त पाहिजे. सहा महिन्यांत त्या तरुण रक्तानं काय केलं? खुर्च्या मांडल्या, हार आणले, चहा वाटला. एका बैठकीत प्रभावती बोलायला उठली तर तुम्ही म्हणाले, बाळ, आधी पाणी दे सगळ्यांना.

प्रेमानंच म्हणाले असताल.

न्हाई. एकही येणार न्हाई स्टेजवर. वीसच्या वीस केदारखेड्यात राहतील… मी न्हाई भडकवलं. मी रजिस्टर दाखवलं, त्यांनी वाचलं. सभासदांचा आकडा भरायलाच आलो का आम्ही, असं संपत म्हणाला. मी न्हाई.

काढून टाका. बिलकुल काढा… ठराव करा, लिहून द्या. पण शनिवारच्या आत करा, म्हणजे ढालीसाठी एकोणीसच उरतील.

हे उद्धट असंल तर असू द्या.

दादांना सांगणार? सांगा. त्यांनीच सकाळी एस.टी. स्टँडवर सोडलं मला.

न्हाई काका, माझी एकच मागणी आहे. पेपरात दुरुस्ती. त्याच पानावर, क्लबच्या नावानं. शिबिरातले रक्तगट चुकीचे आहेत, कार्डं वापरू नयेत. तीन ओळी. बेबीनंदाचं नावही त्यात नको, फक्त शिबिराचं.

प्रांतपाल वाचतील? वाचू द्या की. त्यांनाही रक्त आहेच.

तुम्ही न्हाई दिली तर मी देईन. माझ्या नावानं. मंग त्यात खुर्चीचं पण येईल.

कुणाचं कार्ड?… तुमचं. हो, ते राह्यलं गोळा करायचं. त्या दोन बायकांची अन् हरवलेलं सोडलं तर एकशे त्रेचाळिसातलं तेच एक उरलं. खिशात आहे ना तुमच्या, प्लॅस्टिकमधलं? एबी निगेटिव्ह. बाजारात सगळ्यांना दाखवलंय तुम्ही, मला माहीत आहे. दुधवाल्यानं मला सांगितलं, आपले अध्यक्ष हजारात एक आहेत म्हणून.

फोटोतच बोट टोचलं ना तुमचं. म्हणजे खुर्ची फिरल्यावरचं.

आता मी कसं सांगू?… न्हाई, चिडवत न्हाई. कागदावर उलटं करून पाहिलं तर बी पॉझिटिव्ह येतो.

हो. साधाच. आपल्याकडं तिसऱ्या-चौथ्या माणसाचा असतो… माझ्या दादांचा तोच आहे.

पण तो अंदाज झाला. अंदाजानं मी कुणाचं कार्ड लिहीत न्हाई. खरं पाहिजे असंल तर रविवारी या… सातला. ढाल अकराला आहे, वेळ होईल.

घरी न्हाई येता येणार. रांग आहे.

न्हाई, अध्यक्षांना वेगळी रांग न्हाई. बॅनर पण न्हाई. दोन्ही खुर्च्या एकाच बाजूला राहतील… तुमचा नंबर दुसरा लावते, चालंल?

पहिला न्हाई देता येत. पहिली बेबीनंदा आहे.

अन् काकूंना चष्मा उचलायला सांगा टेबलावरनं, दुरुस्ती लिहायला लागंल… हो. तीन ओळी. ठेवते.