बिनदाताची करवत

...नाई, तुमी हासून राह्यले, पन माह्या जागी तुमी असते तं काय केलं असतं? करवत घ्याची, थे बी गोटा कापाची करवत, अन् ट्रायल नाई घ्याची? अजी, आमी वावरातली मानसं! बैल घेतो तं दात पाहून, चार पावलं चालवून. टरबूज घेतो तं टाकी मारून. पाह्यल्याबिगर घ्यावं कसं, तुमीच सांगा!

तुमाले सांगतो, मी हरिभाऊ, सेलूच्या शाळेत भूगोल शिकवतो, अन् मले नदीतले गोटे जमवाचा नाद. आमची कोकिळा थे गोटे घमेल्यात भरून भायेर फेकते, मी उचलून आत आनतो, असा आमचा संसार! अन् एक दिवस काय व्हावं? हेच कोकिळा मायेराऊन, तळेगावाऊन आली, अन् पदरातून काहाडला गोटा! नारळाएवढा! एका कोपऱ्याचा टवका उडालेला, अन् त्यातून लाल-पांढऱ्या रेघा... मी तं थंडच पडलो! अकीक! अंगठीत खडा बसवते ना, थो! मी जनमभर नदी तुडवली, मले बोराएवढा भेटला नाई, अन् हिले नाल्यात कपडे धुता धुता नारळ!

थे म्हनते कशी, "हा माहा हाय, सांगून ठेवतो. याचे दोन भाग करून द्या, अन् मधात काय हाय थे मले दाखवा. दुसरं काई मांगत नाई मी तुमाले."

खरंच हो, मांगतलंच नव्हतं कदी काई. मले इतका आनंद झाला का काय सांगू! म्हनलं, आता करवत घ्याचीच. अन् तुमीच सांगा, पाह्यल्याबिगर घ्यावी कशी?

पयले गेलो गावातल्याच आरा मशीनवर, बापूरावकडं. सागवान कापते थो. म्हनलं, बापूराव, अशीच एक लहानी करवत घ्याची हाय, जरा चालवून दाखव. त्यानं गोटा आऱ्याखाली धरला मात्र... बापा! ठिनग्या! दिवाळी! गोटा सुसाट उडून भिंतीवर, अन् बापूराव आऱ्याकडं पाहून वरडून राह्यला, "मास्तर, दात गेले! माह्या आऱ्याचे दात गेले!" मी म्हनलं, अन् माह्या गोट्याचा कोपरा गेला, त्याचं काय? तं म्हनते, "मास्तर, तुमी निंगा इथून."

मंग वर्धेले गेलो, फरशी कापनाऱ्या मिस्त्रीकडं. बरी मशीन होती, गोल चक्का, खाली पानी. "हे तं काय, आत्ता करतो," म्हने, अन् असा रेटला, असा रेटला... खाडकन! तीन तुकडे! दोनाचा तं भुसाच म्हना. मोठा तेवढा मी पोटाशी धरून पळालो. पन समजलं ना, का हे मशीन आपल्या कामाची नाई? उगाच म्हनतो का मी, पाह्यल्याबिगर घ्यावं कसं?

शेवटी नागपूरले गेलो. दुकानदार प्रभाकरराव, अंगठीचे खडे कापाच्या मशीना विकते. त्यानं पाती हातात देली. मी सवयीनं दात पाहाले गेलो... दातच नाई! फिरवून पाह्यली, चष्मा पुसून पाह्यली, नाईच! म्हनलं, प्रभाकरराव, दात नसलेला बैल आमी फुकट घेत नाई, अन् तुमी करवत विकून राह्यले? थो हासला. "गुरुजी, याच्या काठाले हिऱ्याचा भुगा हाय," म्हने, अन् मशीन चालू केली, अन् फिरत्या पातीले... बोट लावलं! मी वरडलो! डोळे गच्च मिटले! उघडले तं बोट जागच्या जागी! "गुरुजी, हे कडकाले कापते, नरमाले कापत नाई." म्हनलं, आमच्या हेडमास्तरचं बराबर उलटं हाय.

आता अशी वस्तू पाह्यल्याबिगर घ्यावी कशी? तीन मशीना होत्या. पयलीची पाती जाड. कापलं तं झकास, पन अर्धा गोटा गायब! म्हनलं, गेला कुठी? प्रभाकररावनं खालचा ट्रे दाखवला. लाल चिखल! पातीच्या जाडीएवढं सारं पातीनं खाऊन टाकलेलं! दुसरीची पाती पातळ. मीच म्हनलं, जरा दाबा ना! दाबलं तं पाती वाकली, अन् एक तुकडा असा उडाला, असा उडाला का अजून खाली यायचा हाय.

पन तिसरी... काय सांगू! लोन्यातून सुरी! मुळ्याच्या चकत्या पडाव्या तशा चकत्या! लाल, पांढऱ्या, अन् मधात निळं! मी येडाच झालो. म्हनलं, अजून एक! अजून एक! गर्दी जमली, चहावाला किटली घेऊन आत आला. "वा गुरुजी, हा तं रंगीत टीव्ही हाय!" मीच वाटत सुटलो चकत्या, पाहा हो पाहा, उजेडात धरून पाहा! इकडं पावती फाडली, मशीन बांधली, मांगं वळलो...

प्रभाकरराव सोडून दुकानात कोनीच नाई. लोकायनं प्रसाद समजून खिशात घातल्या, अन् गेले आपल्या कामाले! चहावाल्याच्या मांगं धावलो, तं थो बी नाई. मशीनीत पाह्यलं, गोटा संपलेला!

घरी आलो. कोकिळा दारातच उभी. "आनला का?" म्हनलं, आनली! पयल्या नंबरची! तिनं मशीनीकडं पाह्यलं बी नाई. "माहा गोटा?"

काय सांगावं हो... सांगतलं सारं.

"कोनं कोनं पाह्यलं?" म्हने. म्हनलं, दुकानदारानं, रस्त्यावरच्या लोकायनं... चहावाल्यानं बी.

"काय होतं मधात?"

"निळं होतं," म्हनलं. "नखाएवढं. पान्यावानी."

मले वाटलं, आता भांडते. भांडली असती तं बरं झालं असतं! थे नुसती पाटावर बसली, अन् म्हने, "चांगलं होतं म्हना की."

पुढच्या रयवारी स्वताच म्हने, चला नाल्यात. तवापासून हेच चालू हाय. गोटा थे निवडते, मशीनीले थे लावते, बटन थे दाबते, अन् कापला का दोनी तुकडे पदराखाली घेऊन, पाठ फिरवून एकटीच पाहात बसते. मी म्हनतो, मले बी दाखव ना जराक! तं म्हनते, "तुमचं पाहून झालं."

अन् इतकी हिंडून, पारखून मशीन कोनं आनली? म्या! बरं, त्या पातीवर सारखं पानी टाकत राहा लागते, नाई तं तापते. थेवढं माह्याकडं हाय.