खरखर आली, तारली आली

अहो, मग मी सांगतोय काय, मशीनमधून शब्द एक बाहेर फुटला नाही! फुटला असता तर परवडलं असतं, मशीनला चार शिव्या घालून मोकळा झालो असतो... पण मशीनला नाव ठेवायला जागा नाही, हेच तर दुखणं आहे!

तुम्हाला सांगतो, आमच्या केरळातल्या मुनंबमच्या बंदरात वायरलेसवर खरं बोलणारा होडीचा तांडेल अजून जन्माला यायचाय. एकानं बोलायचं आणि सगळ्या होड्यांनी कान लावायचे, मग खरं बोलेल कोण? तारली मासळीचा थवा दिसला की रडका आवाज काढायचा, "काही नाही रे बाबा, नुसतं पाणी, निघालो घरी!" माझा मेहुणा लाझर, त्याची होडी माझ्या जोडीला. जाळं मी टाकायचं, मासळी त्यानं भरून न्यायची, माझ्या एकट्याच्या होडीत मावतेय कुठं? मी रडलो की लाझर काय ते समजायचा आणि यायचा. पण पुढं पुढं सगळेच समजायला लागले हो! मी रडलो की लाझरच्या आधी तो म्हातारा पैलीचेट्टन हजर, वर विचारतो, "का रे थंकच्चा, रडत होतास म्हणे?"

त्यात यंदा तारली रुसलेली. माझ्या खलाशांच्या घरी चुली धड पेटेनात. अशात कोचीच्या कॉलेजातल्या रेम्या मॅडम मशीन घेऊन आल्या. म्हणाल्या, "काका, तुमचा आवाज फक्त लाझरच्या होडीकडे जाणार, बाकी सगळीकडे हे मशीन नुसती खरखर सोडणार. चोरून ऐकणाऱ्याला खरखरीशिवाय काही नाही." मी म्हटलं वा! त्या पुढंही काहीतरी म्हणाल्या, "पण काका, काय बोललात ते लपेल हं, बोलताय हे नाही लपायचं..." आता त्या वेळी ऐकतोय कोण? मी तर मशीनच्या पाया पडायचाच राहिलो होतो!

पहिल्याच दिवशी तारली! मी लाझरला सांगितलं, लाझरला स्वच्छ ऐकू गेलं, बाकीच्यांना खर्रर्र... मशीनला नाव ठेवायला जागा नाही! आणि लाझर येतोय तोवर सगळं बंदर माझ्याभोवती! पैलीचेट्टन हात हलवतोय, "अरे, जन्मभर वायरलेसवर बडबड करणारा माणूस आज खरखरतोय, म्हणजे लपवतोय काय? बायकोचं बाळंतपण? तारलीच की!" जिकडून खरखर मोठी, तिकडे सुकाणू. संपला विषय.

मग म्हटलं थांबा, रिकाम्या पाण्यात खरखर सोडतो, फसवतो एकेकाला. फसले! धावत आले, जाळी टाकली... आणि त्यांना तिथं बांगडा लागला हो! मला? मला खरखर. मशीनला नाव ठेवायला जागा नाही, नमस्कार करून परत दिलं.

आणि परवा पुन्हा तारली. अशी तारली, की पाणी काळं दिसत होतं! मी डोकं चालवलं. लपवलं की येतात ना? मग लपवायचंच नाही! साध्या वायरलेसवर, सगळ्यांच्या कानांत ओरडलो, "तारली आहे! ढीग आहे! लाझर, लवकर ये!" परका कोण विश्वास ठेवणार? पण लाझर तर घरचा! तसंच झालं, एक होडी हलली नाही. पैलीचेट्टन म्हणाला, "बरं बरं, ढीग आहे ना, मग एकटाच सावकाश जेव!"

आणि लाझर? लाझरही नाही! जाळं गच्च, दोर करकरतोय, मी घसा फोडतोय, "लाझर, देवाशपथ खरं!" तर हा शहाणा उलट्या दिशेला! शेवटी जाळं फाटू नये म्हणून माझ्या हातानं सगळी तारली समुद्राला परत केली हो. खलाशी माझ्याकडे बघत नव्हते, मी त्यांच्याकडे बघत नव्हतो.

धक्क्यावर लाझरला गाठलं तर हसतोय! "दाजी, काय आवाज काढलात! देवाची शपथ वगैरे! सगळ्यांना काय झकास फसवलंत! मी म्हटलं, तिथं काही नाही, आपण गपचूप दुसरीकडे जाऊ."

चोरून ऐकणारे परवडले हो... ते निदान ऐकतात तरी!